केसपेपरच्या कोपऱ्यातील लाल गोल

२०१९ सालच्या पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम करणाऱ्या चौदा जणांना एक लेखी प्रश्न विचारण्यात आला. अमुक तारखेस दाखल झालेल्या महिला रुग्णाच्या आजाराची माहिती आपण कोणास सांगितली काय, असा तो प्रश्न होता. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, कक्षसेवक, सफाई करणाऱ्या मावशी अशा चौदाही जणांनी ‘नाही’ असे उत्तर लिहून खाली सही केली. त्यात माझीही सही होती. त्या चौदांपैकी कोणीही खोटे लिहिले नव्हते असे मी आजही खात्रीने सांगू शकते. तरीही त्या बाईला एचआयव्हीचा संसर्ग आहे ही गोष्ट तिच्या सासूला आमच्या कक्षातच कळली होती आणि ती बाई बाळाला घेऊन घरी पोहोचण्याआधी ती गोष्ट गावात पोहोचली होती.

मी हे तिच्या परवानगीने लिहीत आहे. ती परवानगी मी स्वतः मागितली नाही. आमच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रातील समुपदेशकांनी तिला विचारले आणि तिचा होकार माझ्यापर्यंत पोहोचवला. तिचे वय, गाव, बाळ मुलगा की मुलगी, प्रसूती कोणत्या महिन्यातील, यांपैकी काहीही येथे नाही, आणि ओळख पटू शकेल असे दोन-तीन तपशील मी बदललेले आहेत.

माझ्या रात्रपाळीत ती कळा देत आली. सोबत नवरा आणि सासू होती. नवऱ्याला सर्व माहीत होते, दोघेही उपचारावर होते आणि तिच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या गरोदरपणात एकदाही चुकल्या नव्हत्या. घरातील वडीलधाऱ्यांना सांगायचे नाही, असे दोघांनी समुपदेशकांसमोर ठरवले होते. समुपदेशकांची चिठ्ठी बंद पाकिटात होती. मी पाकीट उघडले, चिठ्ठी वाचली, आणि आमच्या कक्षाच्या प्रथेप्रमाणे केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने एक गोल काढला. ही प्रथा मला मी नवीन असताना ज्येष्ठ सिस्टरांनी शिकवली होती. नाव नाही, आजार नाही, नुसता गोल. त्याचा अर्थ ‘जपून’. आजाराचे नाव कागदावर लिहायचे नाही यालाच आम्ही गोपनीयता पाळणे समजत होतो, आणि मनापासून समजत होतो.

प्रसूती सुखरूप झाली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. पुढचे मला चौकशीच्या निमित्ताने जेवढे कळणे आवश्यक होते तेवढेच कळले. घरी तिचे ताट-वाटी वेगळे झाले, सासू बाळाला हात लावीना, आणि पंधरा दिवसांच्या आत ती माहेरी गेली. नवरा तिच्या बाजूने उभा राहिला, पण ते घर सासूच्या शब्दावर चालणारे होते.

तक्रार तिने स्वतः केली. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. ज्या आरोग्यसंस्थेत वीस किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार अधिकारी नेमणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. इतर आस्थापनांसाठी हीच संख्या शंभर आहे. आमच्याकडे नेमणुकीचा आदेश फाइलमध्ये होता, मात्र त्या अधिकाऱ्यांचे नाव रुग्णाच्या नजरेस पडेल अशा एकाही भिंतीवर नव्हते. समुपदेशकांनी तिला ते नाव सांगितले आणि तिने वहीच्या पानावर अर्ज लिहिला. त्या अर्जात कोणाविषयी एकही वाकडा शब्द नव्हता. शेवटी एवढेच लिहिले होते की, मी तुमच्या सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या, तुम्ही सांगितले ते सगळे पाळले, मग माझी गोष्ट कोणी फोडली ते मला कळले पाहिजे.

तक्रार अधिकारी आमच्याच रुग्णालयातील एक ज्येष्ठ डॉक्टर होत्या. चौदा ‘नाही’ हाती आल्यावर ‘आरोप सिद्ध होत नाही’ असा शेरा मारून कागद बंद करणे त्यांना सोपे होते, आणि आमच्यापैकी बहुतेकांची अपेक्षाही तशीच होती. त्यांनी तसे केले नाही. एका दुपारी, नातेवाइकांच्या भेटीची वेळ संपल्यावर, त्यांनी इनचार्ज सिस्टरांना, समुपदेशकांना आणि मला बरोबर घेतले आणि म्हणाल्या, “आता आपण इथले कर्मचारी नाही, तिच्या सासूबाई आहोत. दारातून आत येऊ आणि काय दिसतं, काय ऐकू येतं ते बघू.”

दारातच आमचे टेबल होते. त्यावर प्रसूतीची नोंदवही उघडी पडलेली असे, कारण दर तासाला तिच्यात काहीतरी लिहावे लागते. तिच्यात तपासण्यांचा रकाना होता. रुग्णाचे नाव शोधायला वाकून पाहणारा प्रत्येक नातेवाईक तो रकाना वाचू शकत होता, आणि ‘आमचं पेशंट कुठल्या कॉटवर हाय’ असे विचारणाऱ्याला आम्हीच कित्येकदा वही फिरवून दाखवली होती. टेबलामागच्या पांढऱ्या फळ्यावर खाट क्रमांक, नाव आणि निदान ठळक अक्षरांत लिहिलेले होते. या दोन गोष्टी तेथेच लक्षात आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तही झाल्या. त्यांना फारसा विचार लागला नाही.

लाल गोलाला मात्र लागला. केसपेपर खाटेच्या पायथ्याशी लोखंडी आकड्याला अडकवलेले असतात. त्या दिवशी कक्षात तशी रुग्ण नव्हती, म्हणून डॉक्टरांनी एका कोऱ्या केसपेपरवर स्वतः लाल गोल काढला, तो एका रिकाम्या खाटेला अडकवला आणि त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दारातून कागदावरचे एक अक्षर वाचता येत नव्हते, पण गोल दिसत होता. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या की, दिसला तरी त्याचा अर्थ बाहेरच्यांना कसा कळणार? तेव्हा फरशी पुसत असलेल्या मावशी हातातले काम थांबवून म्हणाल्या, “सिस्टर, त्यो गोल कशाचा ते बाहेरच्या चहावाल्यालाबी ठावं हाय.” आम्ही कोणीच काही बोललो नाही. कितीतरी वर्षे आम्ही तो गोल काढत होतो. त्या काळात त्या कक्षातून गेलेल्या बायकांनी, त्यांच्या जावा-नणंदांनी आणि शेजारच्या खाटेवर बसलेल्या प्रत्येकीच्या आईने तो पाहिला होता आणि त्यांतल्या एखादीचे पुढे काय झाले हेही पाहिले होते. आमची खूण सर्वांना वाचता येत होती आणि ती गुप्त आहे असे केवळ आम्ही मानत होतो.

पुढे आम्ही कोपऱ्यातल्या खाटेपाशी आलो. ती खाट स्वच्छतागृहाजवळ होती आणि ‘तशा’ रुग्णाला तीच द्यायची, असा कोणी न लिहिलेला नियम होता. त्या खाटेशेजारी कचऱ्याची वेगळी पिशवी टांगलेली असे. प्रसूतीच्या वेळी इतर बायकांसाठी साधे हातमोजे आणि अशा बाईसाठी दोन-दोन जोड, लांब अ‍ॅप्रन, डोळ्यांवर चष्मा, हा फरक त्या रात्री मी स्वतः केला होता. त्या बाईच्या आधी दुसऱ्या एकीची प्रसूती झाली होती आणि सासू बाकावर बसून दोन्ही वेळा मला आत जाताना पाहत होती.

मला सर्वांत जास्त लागले ते ‘ओव्हर’चे. पाळी बदलताना आम्ही खाटेखाटेपाशी जाऊन पुढच्या सिस्टरला रुग्णाची माहिती देतो. डॉक्टरांनी आम्हाला तो तसाच करून दाखवायला सांगितला. अकरा खाटांपाशी माझा आवाज नेहमीचा होता. बाराव्या खाटेपाशी आल्यावर, तेथे कोणीही नसताना, मी आपोआप पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. सवय इतकी मुरलेली होती. त्या रात्री मी कुजबुजले तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे मी एका स्त्रीची लाज राखत होते. सासूला मात्र माझे शब्द ऐकू येण्याची गरजच नव्हती, आवाज खाली गेला एवढे तिला पुरेसे होते.

राहता राहिले बाळाचे औषध. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर नेव्हिरापीनचे पातळ औषध सुरू करतात आणि पुढे किमान सहा आठवडे ते रोज द्यावे लागते. मी ती बाटली वेगळ्या कपाटातून काढली आणि सासूच्या मांडीवरच्या बाळाला तिच्यासमोरच डोस दिला. त्यावर तिने विचारले होते, “सिस्टर, बाकीच्या लेकरांस्नी टोचत्यात, मग आमच्याच बाळाला ह्ये कशापायी?” मी म्हटले, “ताकदीचं औषध आहे.” हे खोटे मी तिच्या सुनेच्या भल्यासाठी बोलले. पण शेजारच्या अशक्त बाळाला ताकदीचे औषध का नाही, हा पुढचा प्रश्न त्या माउलीला पडला असणारच, आणि त्याचे उत्तर तिने गोल, मोजे, कोपऱ्यातली खाट आणि कुजबुज यांतून स्वतः जुळवले.

त्या दुपारनंतर आमच्या रुग्णालयात गोपनीयतेचा विचार वेगळ्या टोकाने सुरू झाला. तोपर्यंत ‘बाहेर बोलू नका’ एवढीच सूचना आम्हाला ठाऊक होती. परिचर्येचे शिक्षण सुरू होताना हातात दिवा घेऊन आम्ही जी शपथ घेतो, तिच्यात रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या खासगी गोष्टी गुप्त ठेवण्याचे वचन आहे. चरकसंहितेतही शिष्याला उपदेश करताना रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत असे बजावले आहे. ही दोन्ही वचने सांगण्याविषयीची आहेत. आमच्या चुकीत मात्र सांगणे कोठेच नव्हते. ती चूक आमच्या हातांची, कागदांची आणि खाटांच्या मांडणीची होती.

बदलाला विरोध झाला आणि तो विरोध मला समजतो. सफाईच्या मावशी आणि कक्षसेवक म्हणाले की, खूण नसेल तर आम्ही स्वतःला कसे सांभाळायचे, आमच्याही घरी लेकरे आहेत. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. समुपदेशकांनी त्याला दिलेले उत्तर मला आजही सर्वांत पटलेले आहे. त्यांनी विचारले की, रात्री दोन वाजता कोणतीही तपासणी न झालेली बाई थेट प्रसूतीच्या अवस्थेत येते तेव्हा तुम्ही काय करता? आणि जिची तपासणी काल निगेटिव्ह आली, पण संसर्ग गेल्याच आठवड्यात झालेला असल्याने तो अजून चाचणीत दिसत नाही, तिच्या कागदावर कोणता रंग द्याल? लाल गोल पाहून काळजी घेणारा माणूस गोल नसलेल्या रक्ताला निर्धोक समजू लागतो, आणि खरा धोका तेथे असतो. म्हणून प्रत्येक रुग्णाचे रक्त आणि स्राव संसर्गजन्य आहेत असे धरूनच काम करायचे, प्रत्येक प्रसूतीला तेच मोजे, तोच अ‍ॅप्रन, तेच हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण, आणि सुई टोचलीच तर शक्यतो दोन तासांत, कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करून त्या २८ दिवस घ्यायच्या. त्याच कायद्याने कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने आणि या गोळ्या पुरवण्याचे बंधन संस्थेवर घातले आहे. कक्षसेवकांनी हे ऐकल्यावर मोज्यांच्या साठ्याचा प्रश्न उपस्थित केला आणि तो रास्त होता. सर्वांना सारखे मोजे द्यायचे तर मोजे पुरेसे हवेत. वैद्यकीय अधीक्षकांनी मागणी वाढवून घेतली, तरीही अधूनमधून साठा संपायचा, आणि तेव्हा जुनी सवय डोके वर काढताना मी पाहिली आहे.

मग कोणाला कळायला हवे, हा प्रश्न उरतो. कायद्याप्रमाणे उपचार करणाऱ्या एका व्यक्तीने दुसऱ्या उपचार करणाऱ्या व्यक्तीला, उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा, माहिती देता येते. बाळाला डोस देणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टरला ती हवी, खाट पुसणाऱ्याला नको. आम्ही ओव्हरचे दोन भाग केले: खाटेपाशी फक्त प्रकृती, रक्तस्राव, बाळाचे दूध, आणि तपासण्यांचे निकाल टेबलामागच्या खोलीत, दार लावून, सर्वच रुग्णांचे. केसपेपर आकड्यावरून उतरवून कपाटात ठेवले. बाळांच्या औषधांसाठी कोपऱ्यात एक पडदा लावला. पोलिओचा पहिला डोस, बीसीजी, कावीळ बीची लस, व्हिटॅमिन के आणि जे काही द्यायचे असेल ते सर्व प्रत्येक बाळाला त्याच पडद्यामागे, फक्त आई जवळ असताना देऊ लागलो. आजी विचारू लागल्या तर ‘बाळाच्या औषधाचं आम्ही आईशीच बोलतो, सगळ्यांच्याच’ असे एकच उत्तर ठरले. हे उत्तर खरे होते, आणि सर्वांना एकच दिले जात असल्याने त्यातून कोणाचेही काही उघड होत नव्हते. त्यासाठी मला पुन्हा ‘ताकदीचं औषध’ म्हणावे लागले नाही.

सर्वांत अवघड उंबरा कक्षाच्या बाहेरचा निघाला. गावातील वजनदार माणूस फोन करतो, ‘आमच्या माणसाला काय झालंय, जरा बघून सांगा’ म्हणतो, आणि पलीकडचा आवाज असा असतो की सांगणे हेच आपले कर्तव्य वाटू लागते. समुपदेशकांनी प्रशिक्षणात यावर बोलताना गोव्यातील डॉमिनिक डिसूझा यांची हकिकत सांगितली. रक्तदानातून त्यांचा संसर्ग उघड झाला आणि १९८९ साली पोलिसांनी त्यांना नेऊन म्हापशात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्यांच्या आईने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. रक्त देण्यासाठी पुढे केलेल्या हाताची माहिती पोलिसांपर्यंत जाते, हे एकदा कळले की पुढचा माणूस तपासणीलाच येत नाही. ही हकिकत ऐकल्यानंतर आमच्या टेबलावरील फोनशेजारी एक वाक्य चिकटवले गेले: रुग्णाची माहिती फोनवर दिली जात नाही. ते वाक्य आम्ही फोन करणाऱ्याला वाचून दाखवत असू. त्यामुळे नकार माझा न राहता रुग्णालयाचा होत असे.

गुपित कोणत्याही परिस्थितीत उघड करायचेच नाही, असेही कायदा म्हणत नाही, आणि या मुद्द्यावर आमची बरीच चर्चा झाली. नवरा बाधित आहे आणि पत्नीला सांगायला तयार नाही, अशा वेळी काय करायचे? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, ज्याच्या संसर्गाची माहिती उघड होऊन ठरलेले लग्न मोडले त्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क होणाऱ्या पत्नीच्या जिवापेक्षा वरचा नाही असे ठरले. त्या निकालपत्रात स्वतः न्यायालयाने त्या व्यक्तीचा उल्लेख केवळ ‘एक्स’ असा ठेवला. २०१७ च्या कायद्याने याचा मार्ग नेमका आखून दिला आहे. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असे मानायला सबळ कारण असले पाहिजे, रुग्णाला स्वतः सांगण्याविषयी समुपदेशन झालेले असले पाहिजे, तो सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे, आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवले पाहिजे; त्यानंतर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, समुपदेशन करूनच सांगू शकतात. बाधित व्यक्ती स्त्री असेल आणि सांगितल्याने तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तर तिच्यावर जोडीदाराला सांगण्याची सक्ती नाही. या सगळ्या वाटेत सासू, दीर, सरपंच यांना कोठेही जागा नाही.

पुढच्या मार्चमध्ये करोना आला आणि आम्ही बसवलेली घडी काही महिने पार विस्कटली. घरी विलगीकरणात ठेवलेल्या माणसांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारले गेले आणि बाधितांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. साथ आवरण्याची निकड खरी होती, पण हातावरचा तो शिक्का पाहताना मला दर वेळी माझा लाल गोल आठवत असे. माझ्या एका सहकारी परिचारिकेचा अहवाल तिच्या हाती पडण्याआधी तिच्या इमारतीत पोहोचला होता. आपल्या कक्षातील संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र काढणाऱ्या प्रशिक्षणार्थीला तिनेच पुढे थांबवले, आणि ती ज्या आवाजात बोलली तो आवाज आमच्यापैकी कोणत्याही वरिष्ठाला जमला नसता.

तक्रारीचा शेवट काय झाला, हे सांगायचे राहिले. अहवालात कोणा एकाचे नाव नव्हते. संस्थेच्या कार्यपद्धतीमुळे माहिती उघड झाली असे त्यात नमूद होते आणि रुग्णालयाने तिची लेखी माफी मागावी असे म्हटले होते. तिला त्याने समाधान वाटले नाही. तिला एक नाव हवे होते, आणि आमच्याकडे देण्यासारखे एक नाव नव्हते. या कायद्याखाली राज्य शासनाने नेमलेल्या लोकपालांकडे जाता येते हे तिला सांगण्यात आले, परंतु तिने नकार दिला. आणखी एक सरकारी पाकीट गावात आले तर आणखी दहा जण विचारतील, असे ती म्हणाली.

माफीचे पत्र तिच्यापर्यंत कसे पोहोचवायचे, हाही प्रश्नच होता. टपालाने पाठवले तर पाकिटावर रुग्णालयाचा शिक्का. अखेर ती औषधे घ्यायला एआरटी केंद्रात आली त्या दिवशी तक्रार अधिकारी आणि मी तेथे गेलो. तिने पत्र सावकाश वाचले. मी तिला सांगितले की गोल मी काढला होता. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, काही बोलली नाही, आणि पत्राची घडी करून ते परत डॉक्टरांच्या हातात दिले. घरी ठेवायला जागा नाही, म्हणाली. ते पत्र आजही रुग्णालयाच्या कुलूपबंद कपाटात आहे.

अशा बाळाची अखेरची निश्चित तपासणी अठराव्या महिन्यात होते. तो काळ उलटून गेल्यावर एकदा समुपदेशक जिन्यात भेटले तेव्हा मी विचारले, “त्या बाळाचं काय आलं?” ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, “सिस्टर, बाळ तुमच्या वॉर्डात नाही आता.” मी मान हलवली आणि पाळीवर गेले. तो निकाल काय आला, हे मला आजही माहीत नाही.